अंपायरला साडी चालेल का?

मुलांनो,

‘आजी-आजोबा अमेरिकेत आल्यावर काय करत होते’ हे तुमच्या शाळेनं लिहून आणायला सांगितलंय, असं तुमच्या आईनं फोनवर सांगितलं. आजोबांच्या नावापुढे तिनं ‘पूल बांधले’ असं लिहायला सुचवलं, आणि माझ्या नावापुढे ‘घर सांभाळलं’. तुमच्या आईची स्मरणशक्ती लहानपणापासून अशीच सोयीची आहे. म्हणून मी स्वतःच लिहून पाठवते. मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत लिहिलं तर तुम्ही भराभर वाचून टाकाल. मराठीत लिहिलं की तुमच्या आईला बसून वाचून दाखवावं लागेल. थोडी उजळणी तिचीही होईल.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली आहे. तुमची आई तेव्हा हायस्कूलमध्ये होती आणि आपल्याला आई आहे ही गोष्ट लोकांपासून लपवण्याच्या वयात होती. आम्ही ओहायोतल्या एका नदीकाठच्या शहरात राहत होतो. तुमच्या आजोबांना पुलांच्या कंपनीत चांगली नोकरी होती. मी लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं मुंबईच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत असे. अमेरिकेत आल्यावर प्रत्येक फॉर्मवर माझ्या नावासमोर एकच हुद्दा आला: डिपेंडंट. शेजारीण विचारायची, "तू दिवसभर काय करतेस?" मी सांगायची, "डिपेंड करते." ती सहानुभूतीनं मान हलवायची आणि मला केक आणून द्यायची.

शहरात एक छोटं वस्तुसंग्रहालय होतं. तिथे फुकट काम करणारे लोक हवेत अशी पाटी लायब्ररीत लागली होती. या देशात फुकट काम करणाऱ्याला फार मान असतो. मी गेले. तिथल्या संचालिकाबाई उंच, सडपातळ, कपातलं दही चमच्यानं खाणाऱ्या आणि प्रत्येक गोष्टीला ‘वंडरफुल’ म्हणणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचं इंग्रजी किती छान आहे!"

मी म्हटलं, "थँक यू. तुमचंही छान आहे."

त्यांना खरंच आनंद झाला.

बाकीच्या स्वयंसेवक बायका पुतळ्यांना जुने झगे घालणं, बाहुलीघराची धूळ झटकणं अशी महत्त्वाची कामं करायच्या. मला तळघरातलं मायक्रोफिल्मचं यंत्र दिलं, कारण त्याच्यासमोर बसलं की बाकी सगळ्यांचं डोकं दुखायचं. त्या यंत्रावर शहराची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचायची होती. संग्रहालयाला पुढच्या उन्हाळ्यात ‘आपल्या शहरातला बेसबॉल’ असं प्रदर्शन भरवायचं होतं. ज्या बाईनं आयुष्यात बेसबॉलचा एक सामनाही पुरा पाहिला नव्हता, तिच्यावर हे काम सोपवण्यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही, आणि मी का म्हणून त्यांच्या लक्षात आणून द्यावं?

त्याच सुमाराला एक पगारी जागा निघणार असं कानावर आलं. शाळांच्या सहलींना माहिती सांगायची, संग्रहाची यादी नीट ठेवायची, असं काम. संचालिकाबाई म्हणाल्या, "बेसबॉल नीट पार पडू दे. मग मी तुमचं नाव अध्यक्षांपुढे ठेवते. सही त्यांचीच लागते." मला ती जागा हवी होती. पगारासाठी म्हणाल तर तुमच्या आजोबांचा पगार आम्हाला पुरून उरत होता. मला एक टेबल हवं होतं, ज्याच्यावर कुणी भाजीची पिशवी आणून ठेवणार नाही. इमारतीची एक किल्ली हवी होती. आणि फॉर्मवरचा तो शब्द मला स्वतःच्या हातानं खोडायचा होता. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण बोलायची गरज नसावी, कारण तुमचे आजोबा रोज संध्याकाळी विचारायचे, "काय, सही झाली का?"

तर मी तळघरात बसून वाचू लागले. तुम्हाला बेसबॉलमधलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण तो आपल्या शहरात कसा आला हे बहुतेक कळत नसेल. यादवी युद्धाच्या थोडं आधी शहरात क्रिकेट खेळलं जायचं. हो, क्रिकेट. गिरण्यांमध्ये आलेले इंग्रज खेळायचे. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा तुमच्या आजोबांनी हातातला घास खाली ठेवला. "म्हणजे या लोकांकडे क्रिकेट होतं," ते म्हणाले, "आणि यांनी ते सोडून दिलं?" त्या दिवसापासून त्यांचं या देशाबद्दलचं मत जरा खालीच आलं.

मग दुकानांतले आणि पेढ्यांवरचे कारकून शनिवारी दुपारी सुट्टी मिळू लागली तसे नदीकाठच्या मोकळ्या जागेत बेसबॉल खेळू लागले. खेळू लागले म्हणजे काय, आधी त्यांनी क्लब काढला. घटना लिहिली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार आणि दोन चिटणीस निवडले. बैठक दर आठवड्याला, सामना जमला तर महिन्यातून एकदा. वर्षभरात चिटणीस कोण यावरून भांडण झालं आणि एकाचे दोन क्लब झाले. तुमच्या आईला विचारा, आपलं महाराष्ट्र मंडळ गणपतीच्या प्रसादात शिरा की मोदक यावरून कसं फुटलं होतं. मला त्या कारकुनांबद्दल एकदम आपुलकी वाटली. इतिहासाच्या पुस्तकात यालाच ‘खेळाला संघटित रूप आलं’ असं म्हणतात.

कारकुनांचं बघून खाटकांनी क्लब काढला. मग आगीच्या बंबवाल्यांनी, मग शाळामास्तरांनी. हॉटेलांत वाढपी असलेल्या काळ्या लोकांनीही काढला, आणि तो चांगला खेळत असे, म्हणून गोऱ्यांच्या क्लबांनी त्यांच्याशी सामना न खेळण्याचा ठराव केला. एक क्लब दुसऱ्याला वर्तमानपत्रातून आव्हान द्यायचा, भाषा अशी की वाटावं लग्नाचं आमंत्रण आहे. सामना संपला की हरलेला क्लब जिंकणाऱ्यांना सामन्याचा बॉल भाषण करून अर्पण करायचा आणि वर जेवण घालायचा. बायकांना मुद्दाम आमंत्रण असायचं, खुर्च्या सावलीत. कारण काय, तर बायका समोर असल्या की पुरुष शिव्या देत नाहीत. युद्धावरून परत आलेल्या पोरांनी खेळ गल्लोगल्ली नेला. मग कुणीतरी मैदानाला कुंपण घातलं, तिकीट लावलं, आणि मग पैसे घेऊन खेळणारे आले. त्यांना उघडपणे पगार देणं सभ्यपणाचं नव्हतं, म्हणून त्यांना कुठल्यातरी कचेरीत कारकून म्हणून दाखवत. ज्या कारकुनांनी हा खेळ सुरू केला ते आता तिकीट काढून बघायला बसले, आणि जे कधी कचेरीत गेले नाहीत ते कारकून झाले.

हे सगळं मी भिंतीवर लावायच्या पाट्यांसाठी सुबक इंग्रजीत लिहून काढलं. संचालिकाबाईंनी वाचलं. "वंडरफुल," त्या म्हणाल्या. "फक्त अध्यक्षांचे पणजोबा कुठे आहेत?"

अध्यक्षांची ओळख करून देते. ते एका विमा कंपनीचे मालक होते. लालबुंद चेहरा, मोठा आवाज, आणि संग्रहालयाचं छप्पर त्यांच्या देणगीतून झालेलं. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या एक कथा होती. त्यांच्या पणजोबांनी एका संध्याकाळी मित्रांना जेवायला बोलावलं, जेवणानंतर हातात काठी घेतली, आणि या शहरात बेसबॉल जन्माला आला. अगदी देव प्रकट व्हावा तसा. मला पणजोबा सापडले होते. ते शहरातल्या तिसऱ्या की चौथ्या क्लबाचे दुय्यम चिटणीस होते. मी तसं लिहिलं होतं.

अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. अगदी प्रेमानं म्हणाले, "तुम्ही या देशात नवीन आहात. इथल्या काही गोष्टी कागदात सापडत नाहीत."

मी म्हटलं, "बरोबर आहे. आमच्याकडेही पुराणं असतात."

त्यांना ते समजलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पाटीवर शेवटी ‘आद्य प्रवर्तकांपैकी एक’ असं लिहायचं ठरलं. पणजोबांनी इतक्या लोकांपैकी एक व्हायला माझी काही हरकत नव्हती.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला जुन्या नियमांनी, जुन्या पोशाखात सामना खेळायचा अशी कल्पना अध्यक्षांचीच. एका बाजूला संग्रहालयाचं मंडळ, म्हणजे पणजोबांचा क्लब. दुसऱ्या बाजूला शहराचे बंबवाले, कारण बंबवाल्यांचाही जुना क्लब होताच. अंपायर म्हणून एका निवृत्त न्यायाधीशांना बोलावलं होतं. त्यांनी मी टाइप करून दिलेले जुने नियम वाचले आणि दुसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरली. नियम दुसऱ्या कुणीच वाचले नव्हते. संचालिकाबाई माझ्याकडे बघू लागल्या.

समितीच्या बैठकीत यावर बराच खल झाला. एक बाई फार काळजीनं म्हणाल्या, "पण साडी चालेल का? सगळं त्या काळाला धरून असायला हवं ना?" त्यांच्याच समितीनं खेळाडूंसाठी ज्या विजारी शिवून घेतल्या होत्या त्या पॉलिएस्टरच्या होत्या आणि कमरेला इलॅस्टिक होतं. मी म्हटलं, "साडी त्या काळाच्या बरीच आधीची आहे. तुमच्या विजारींपेक्षा तर नक्कीच." शेवटी तडजोड झाली. साडी चालेल, पण डोक्यावर त्या काळच्या अंपायरसारखी उंच काळी टॉप हॅट हवी. नाटकाच्या सामानातून आणलेली ती हॅट कुणा मोठ्या डोक्याच्या माणसाची होती.

घरी सांगितलं तेव्हा तुमची आई सोफ्यावर आडवी पडून टीव्ही बघत होती. "आई, नो. प्लीज. माझे फ्रेंड्स येणार आहेत तिकडे."

"मग छान. त्यांना सांग, ती हॅटवाली माझी आई."

"आय विल टेल देम आय ॲम अडॉप्टेड," तुमची आई म्हणाली. ही माहिती तुमच्या शाळेच्या प्रकल्पात घालायला हरकत नाही.

तुमचे आजोबा या सगळ्याकडे वरून बघत होते. ते पुण्यात क्लबाकडून क्रिकेट खेळलेले, आणि बेसबॉलला ‘मुलींचा लगोरीसारखा काहीतरी खेळ’ म्हणणारे. पण सामन्याच्या आदल्या आठवड्यात संग्रहालयाच्या मंडळातल्या एका सभासदानं सरावात मांडीचा स्नायू दुखावून घेतला आणि अध्यक्षांना माणूस कमी पडला. मी आजोबांचं नाव सुचवलं नाही. ते स्वतःच सराव बघायला जाऊन उभे राहिले होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून, चेहऱ्यावर अशी दया घेऊन की अध्यक्षांना विचारावंच लागलं. पहिल्याच चेंडूला आजोबांनी सुरेख फटका मारला आणि बॅट हातात घेऊन धावत सुटले. क्रिकेटमध्ये धावताना बॅट हातातच ठेवतात. सगळं मैदान ओरडत होतं, "बॅट टाका! बॅट टाका!" आजोबांना वाटलं लोक प्रोत्साहन देतायत. त्यांनी पहिल्या बेसवर पोचून बॅट जमिनीला टेकवली आणि समाधानानं आजूबाजूला पाहिलं.

सामन्याच्या दिवशी नदीकाठी बरीच गर्दी होती. एका बाजूला शहरातले लोक, दुसऱ्या बाजूला फोल्डिंग खुर्च्या, थर्मास आणि बटाटेवड्यांचे डबे घेऊन आपली महाराष्ट्र मंडळातली माणसं. मंडळ फुटलं होतं, पण वड्यांसाठी दोन्ही अर्धे आले होते. मी गर्द निळी नारायणपेठ नेसले, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर हॅट. तुमची आई पार्किंगच्या टोकाला एका झाडामागे उभी होती. तिला कुणी ओळखू नये म्हणून तिनं काळा चष्मा लावला होता. त्या गर्दीत काळा चष्मा लावलेली ती एकटीच भारतीय मुलगी होती.

जुन्या नियमांतला एक नियम नीट लक्षात ठेवा, कारण सगळं त्याच्यावर आलं. त्या काळी हातात ग्लोव्ह नसायचे, म्हणून मारलेला चेंडू एक टप्पा पडल्यावर झेलला तरी बॅट्समन आउट. दोन टप्पे पडले तर नाही. मी सुरुवातीला दोन्ही बाजूंना हा नियम मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा बंबवाल्यांनी माना खाजवल्या, आणि आपल्या खुर्च्यांकडून एकच आरोळी आली.

"अरे यार, हे तर आपलं! एक टप्पा आउट!" हे नागपूरचे काका, हृदयरोगाचे डॉक्टर. "हे यांनी आपल्याकडून घेतलं का हो वहिनी?"

"भिंतीला लागला तर काय?" पुण्याच्या एका मावशींनी विचारलं.

"इथे भिंत नाही, मावशी."

"मग काय उपयोग," मावशी म्हणाल्या आणि डबा उघडला.

दुसरा नियम अंपायरबद्दल होता. अंपायर एकच. त्याला एखादी गोष्ट दिसली नाही तर त्यानं खेळाडूंना त्यांच्या सभ्यपणाच्या भरवशावर विचारायचं, आणि तरीही निकाल लागला नाही तर प्रेक्षकांना. मला हा नियम फार आवडला होता. ज्या काळी सगळे सभ्य होते त्या काळी त्याचं काय झालं असेल याचा मी फारसा विचार केला नव्हता.

सामना रंगला. बंबवाले तरुण होते, संग्रहालयवाल्यांकडे पोटं होती, पण तुमच्या आजोबांनी दोन अशक्य झेल घेतले आणि सामना शेवटच्या डावापर्यंत बरोबरीत राहिला. मग प्रसंग असा आला. बंबवाल्यांची बॅटिंग, दोन गडी बाद, एक माणूस तिसऱ्या बेसवर टपून बसलेला. झेल घेतला तर डाव संपला आणि सामना बरोबरीत पुढे चालू. झेल नाही झाला तर तो माणूस होम बेसवर पोचणार, रन होणार आणि बंबवाले जिंकणार. बॅट्समननं चेंडू उंच उडवला. तो अध्यक्षांच्या दिशेनं निघाला. अध्यक्षांच्या शेजारीच तुमचे आजोबा. मी चेंडूकडे मान वर करून पाहिलं, आणि ती हॅट सरळ माझ्या नाकापर्यंत खाली आली.

मी हॅट वर केली तेव्हा अध्यक्ष गवतात आडवे होते. चेंडू त्यांच्या हातात होता आणि हात वर होता.

"एक टप्पा!" ते ओरडले. "आउट!"

बंबवाल्यांचा कप्तान ओरडला, "दोन!"

मी म्हटलं, "मला दिसलं नाही. नियमाप्रमाणे खेळाडूला विचारते. तुम्ही सभ्य गृहस्थ आहात. किती टप्पे?"

"एक," अध्यक्ष म्हणाले. आणि उठून विजारीचं गवत झटकता झटकता माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यात माझं टेबल होतं, किल्ली होती, सगळं होतं. मी निकाल द्यायला हात उचललाच होता.

"सर," तुमचे आजोबा म्हणाले, "दोन पडले."

पुण्याच्या क्लबात आउट नसतानाही अंपायरच्या आधी स्वतःच चालू पडणारे तुमचे आजोबा. स्वतःच्या कप्तानाला, भर मैदानात. अध्यक्षांचा चेहरा लालवरून जांभळा झाला. "तुम्ही आमच्या बाजूनं खेळताय ना?"

"म्हणूनच सांगतोय, सर." मग माझ्याकडे वळून मराठीत, "अगं, माझ्या डोळ्यांसमोर पडले. दोन. स्वच्छ."

"हे काय बोलले?" अध्यक्षांनी विचारलं. "नियमात हे बसतं का?"

आता माझी परिस्थिती लक्षात घ्या. एका बाजूला ज्यांची सही हवी तो माणूस, दुसऱ्या बाजूला ज्याच्यासाठी रोज पोळ्या करायच्या तो माणूस. एकाचं खरं मानलं तर मी लाचार ठरणार. दुसऱ्याचं मानलं तर नवऱ्याची बाजू घेणारी बायको. संचालिकाबाई मैदानाच्या कडेला दही धरून उभ्या होत्या, चमचा कपातच सोडून.

मी म्हटलं, "दोन सभ्य गृहस्थांचं एकमत नाही. मी प्रेक्षकांना विचारते."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत आपल्या खुर्च्यांकडून आवाज आला, "दोन! दोन टप्पे!" बोटं वर. नागपूरचे काका तर उभेच राहिले. "दोन पडले ना बाप्पा! आम्ही काय झोपलोय का इथे?"

"दीड म्हणा फार तर," पुण्याच्या मावशी वडा चावत म्हणाल्या, पण बोटं त्यांचीही दोनच होती. शिरावाले आणि मोदकवाले, दोघांची. महाराष्ट्र मंडळाच्या इतिहासातला तो एकमेव एकमतानं झालेला ठराव असावा.

अध्यक्ष म्हणाले, "हे तर सगळे तुमचे नातेवाईक."

"एकही नाही," मी म्हटलं. पण त्यांना ते पटणार नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही तेवढ्यावर निकाल द्यायचा नव्हता. मी दुसऱ्या बाजूला वळले, जिथे शहरातले लोक बसले होते. "आणि तुम्ही?"

तिथे अचानक सगळ्यांना आकाश आवडू लागलं. कुणी ढग बघत होतं, कुणी नदी. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरांचा आणि गाड्यांचा विमा कुठे होता ते तुम्हाला सांगायला नको. मी वाट बघत उभी राहिले. तिसऱ्या बेसवरून धावत आलेला बंबवाला होम बेसवर पाय ठेवून तसाच उभा होता, पाय उचलला तर रन रद्द होईल की काय या भीतीनं.

मग पुढच्या ओळीतून एक शांत आवाज आला.

"दोन, डिअर."

लोकरीचं विणकाम मांडीवर घेऊन एक बाई बसल्या होत्या. अध्यक्षांच्या पत्नी. त्यांनी विणकामावरून नजरही वर उचलली नाही.

"तुला तिथून कसं दिसणार?" अध्यक्ष म्हणाले.

"मी तुझ्याकडेच बघत होते. एक टप्पा, दुसरा टप्पा, मग तू पडलास. गुडघा ठीक आहे ना?"

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. आकाश एकदम सगळ्यांना कंटाळवाणं वाटू लागलं आणि चारी बाजूंनी ऐकू आलं, "दोन. हो, दोनच होते. मला वाटलंच होतं."

मी हॅट काढून हातात घेतली आणि म्हटलं, "नॉट आउट. रन धरली. सामना बंबवाल्यांचा."

नियमाप्रमाणे हरलेल्यांनी बॉल अर्पण करायचा. अध्यक्षांनी तो बॉल खास शिवून घेतला होता, चामड्यावर पणजोबांच्या क्लबाचं नाव उमटवून, कारण तो जिंकून काचेच्या पेटीत ठेवायचा त्यांचा बेत होता. भाषणाचा कागदही खिशात होता, पण तो जिंकण्याचा होता. त्यांनी तो बाहेर काढला, पाहिला, परत घातला आणि बॉल बंबवाल्यांच्या कप्तानाच्या हातात देऊन म्हणाले, "घ्या." शहराच्या बेसबॉलच्या इतिहासातलं ते सर्वांत छोटं भाषण असेल. जेवणही त्यांच्याच खर्चानं होतं, हॅमचे सँडविच. ते तसेच राहिले, कारण बंबवाल्यांना आपल्या बटाटेवड्यांचा शोध लागला. हिरव्या चटणीचा मोठा चमचा तोंडात घालून त्यांच्यातला सर्वांत दांडगा जवान पाणी पाणी करत नदीकडे निघाला होता, त्याला लोकांनी धरून आणलं.

येताना गाडी तुमचे आजोबा चालवत होते. तुमची आई मागच्या सीटवरून म्हणाली, "ॲक्चुअली, आई, दॅट वॉज काइंड ऑफ कूल." मग लगेच, "डोन्ट टेल एनीवन आय सेड दॅट." म्हणून मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाही सांगत नाहीये.

पुढचे काही दिवस नोकरीबद्दल काही कळलं नाही. मी तळघरात जाऊन यंत्रासमोर बसायची आणि वरच्या मजल्यावर दह्याचा चमचा कपाला लागल्याचा आवाज ऐकायची. संचालिकाबाई जिन्यात भेटल्या तर ‘हाय’ म्हणायच्या. वंडरफुल बंद झालं होतं. मी मनातल्या मनात टेबल परत केलं. घरी आले की भाजीची पिशवी डायनिंग टेबलावरच ठेवायची आणि तिथेच निवडायला बसायची.

मग एक दिवस त्यांनी मला वर बोलावलं. समोर नेमणुकीचा कागद होता, खाली अध्यक्षांची सही.

मी विचारलं, "हे कसं?"

त्या म्हणाल्या, "मीच घाबरत घाबरत विचारलं त्यांना. ते म्हणाले, जी बाई स्वतःच्या नवऱ्याच्या शब्दावरसुद्धा विश्वास ठेवत नाही, तिच्याकडे किल्ल्या द्यायला हरकत नाही." आणि मग, "वंडरफुल, नाही?"

संध्याकाळी तुमचे आजोबा आले. बूट काढता काढता सवयीनं त्यांनी विचारलं, "काय, सही झाली का?"

"झाली."

ते बूट हातात घेऊनच उभे राहिले. मग मी अध्यक्षांचं ते वाक्य सांगितलं. सांगायला नको होतं, पण चांगलं वाक्य मला पोटात ठेवता येत नाही.

"हे बरं आहे," ते म्हणाले. "खरं मी बोललो. नोकरी तुला. आणि विश्वास कुणावर नाही, तर माझ्यावर."

"अहो, मला माहीत होतं तुम्ही खरं बोलताय."

"मग तिथे का नाही म्हणालीस तसं?"

"मी तिथे बायको म्हणून उभी नव्हते."

त्यांनी यावर विचार केला. बूट जागेवर ठेवले, हात धुऊन आले, टेबलाशी बसले आणि समोरच्या पिशवीतल्या गवारीच्या शेंगा बघून म्हणाले, "सोमवारी किती वाजता सोडू तुला?"

"नऊला. आणि सोमवारपासून गवार तुम्ही निवडायची."

"दोन टप्पे पडले होते," गवारीची शेंग मोडत ते म्हणाले. "स्वच्छ."